हाताला दाखव

शरयूताई कुणाचेही काम डोळ्यांनी पाहत नसत. पहिल्यांदा मी माझ्या टोपलीचा तळ भीतभीत त्यांच्यापुढे धरला, तेव्हा त्यांनी मान रस्त्याकडे वळवली आणि हात तेवढा पुढे केला. दोऱ्याच्या त्या गोल चकतीवरून त्यांचा अंगठा कडेकडेने फिरू लागला. रस्त्यावरून मासेवाली ओरडत चालली होती, तिला "सुरमई आहे काय गो?" असे विचारूनही झाले. मग अंगठा एका जागी थांबला.

"इथे टाका गळलाय."

"पण दिसायला तर..." मी पुटपुटले.

"दिसायला काय, नवरदेवही बरा दिसतो. डोळे भिडस्त असतात, प्रोफेसर. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून छान म्हणतात. हाताला भीड नसते. यापुढे मला दाखवायचं ते हाताला दाखव." एवढे बोलून त्यांनी दोऱ्याचे टोक ओढले आणि माझे आठवडाभराचे काम सरसर उसवून माझ्या ओच्यात टाकले. माझ्यासमोर माझे काही इतक्या सहजपणे कुणी मोडले नव्हते.

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झाले. वर्गात मला बोलता येत असे, कारण तिथले बोलणे आधी लिहून नेता येते. दुकानात 'दुसरा रंग दाखवा' म्हणणे मात्र कधी जमले नाही. पुढ्यात पहिली येईल ती साडी घेऊन मी परतत असे. साठीनंतर क्रोशा शिकावासा वाटला, तोही शेजारच्या पडवीतून बायकांचे हसणे ऐकू येई म्हणून. जावे की जाऊ नये, हे ठरवण्यात कित्येक महिने गेले.

त्या पडवीच्या मालकीण शरयूताई. रत्नागिरीच्या बसस्थानकावर त्यांनी नोकरीभर ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारल्या होत्या. त्या निवृत्त झाल्या, आवाज झाला नव्हता. शिकवण्यातही गाड्याच येत. टोपलीची भिंत अर्धवट टाकून कुणी नवे काम काढले, की "संगमेश्वराचं तिकीट काढून हातखंब्याला उतरलीस होय गो?" अशी विचारणा होई. मी मुकाट्याने विणत बसे म्हणून माझे नाव 'विनाथांबा' पडले. क्रोशात लांब टाक्याला खांब म्हणतात. ते मी डोळ्यांनी मोजू लागले, की त्या गरजत, "हाताने मोज! खांब हाताने मोजायचे असतात, म्हणून तर गावाचं नाव हातखंबा!"

"हे कुठल्या पुस्तकात आहे, ताई?" समोरच्या विजूवहिनी विचारत.

"माझ्या. छापायचं तेवढं राहिलंय."

आम्ही टोपल्या विणत असू त्या करंगळीएवढ्या जाड सुती दोऱ्याच्या. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ एका दुकानात तो मिळे. शरयूताईंच्या घरात प्रत्येक वस्तूला अशी एक टोपली होती, आणि कुठल्याही दोन टोपल्यांची वीण सारखी नव्हती. एकीवर बोरांसारखे फुगीर टाके, दुसरीवर उभ्या फासळ्या, तिसरीची वीण चटईसारखी. साधी, सपाट टोपली त्यांना खपत नसे. "ही कसली टोपली? ही तर पाटी नसलेली गाडी," असे म्हणून त्या ती उसवायला लावत. मी हे सारे त्यांच्या सौंदर्यदृष्टीच्या खाती जमा करीत असे.

एकदा त्यांनी हळदीच्या रंगाची मोठी टोपली केली. तिच्या मधोमध अचानक भडक लाल ओळी आल्या होत्या आणि वर पुन्हा हळद. "काय धाडस आहे हो ताईंचं!" विजूवहिनी उद्गारल्या. पंधरवड्यात आमच्या आळीतल्या घराघरांत हळदी-लाल टोपल्या दिसू लागल्या. मला तो लाल रंग खटकला होता. पण मला कळत नसेल असे समजून मी गप्प बसले. शरयूताई बोलताना माझ्याकडे सरळ न पाहता किंचित बाजूला पाहत. माझा लाजरेपणा ओळखून त्या नजर वळवतात, असे वाटून मला त्यांच्याविषयी कृतज्ञताच वाटे.

त्यांचा मुलगा सुधीर ठाण्याला असतो. गेल्या वर्षी सुट्टी काढून तो आला आणि आईला सुख व्हावे म्हणून सकाळभर खपून त्याने स्वयंपाकघर लावले. दुपारी मी गेले, तेव्हा टोपल्या रिकाम्या होऊन कोपऱ्यात एकीत एक बसल्या होत्या. फळीवर पारदर्शक डब्यांची रांग होती. सगळे डबे एका मापाचे, एका झाकणाचे.

"बघा मॅडम, आता कसं टापटीप झालं! नावंसुद्धा मोठ्या अक्षरांत घातलीत," तो कौतुकाने म्हणाला.

शरयूताई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बसा. चहा करते."

आतून झाकणे उघडण्या-मिटण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. चहा आला. मी पहिला घोट घेतला आणि तो तसाच तोंडात राहिला. चहात साखरेऐवजी मीठ होते. मी तो गिळला, आणि भिडेपोटी दुसराही घोट घेतला. सुधीरने मात्र उठून अंगणात चूळ टाकली.

"आई! मीठ घातलंस!"

"असेल. तुझ्या डब्यांची सवय नाही अजून."

"अगं, पण समोर लिहिलंय ना! एवढं मोठं 'मीठ' लिहिलंय!"

 शरयूताई ताठ झाल्या, पदर सावरला, आणि पडवीत बसस्थानकावरचा तो आवाज घुमला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आईला अक्षर दिसत नाही. रंग दिसत नाही. माणसाचं तोंड दिसत नाही. मध्ये सगळा डाग आहे, कडेकडेने तेवढा उजेड. डॉक्टर म्हणाले, याहून बरं व्हायचं नाही. बरीच वर्षं झाली. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

हातातला कप कुठे ठेवावा, हे सुधीरला सुचेना. भिडस्त डोळे, पाटी नसलेली गाडी, माझ्या कानाजवळून पलीकडे जाणारी ती नजर. सगळे पुरावे रोज माझ्या मांडीवर येऊन पडत होते, आणि मी त्यांतून एकही निष्कर्ष काढला नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?" सुधीरने विचारले.

"सांगितलं असतं तर तू नेलं असतंस."

"नेणारच! उद्याच नेणार. तू इथे एकटी राहायचं नाहीस."

"तुझ्या त्या जिन्याची ओळख पटेस्तोवर मी मरेन रे. इथे पाय मला आपणहून विहिरीपर्यंत नेतात."

"आणि गॅस चालू राहिला तर? गोळी चुकली तर?"

 शरयूताईंचा अंगठा साडीच्या काठावरून पुढे-मागे फिरत होता. जणू तिथे कुठे टाका गळला आहे आणि तो सापडत नाही.

"लाल," मी म्हणाले.

दोघांनी माना वळवल्या.

"हळदीच्या टोपलीत मध्ये लाल दोरा गेला आहे, ताई. सगळ्यांना ती नक्षी वाटली. मला ती चूक वाटली होती. यापुढे मी रोज येऊन सांगेन. दोऱ्याचा रंग, गोळीचं नाव, गॅस बंद आहे की नाही. सकाळी आणि संध्याकाळी. सुधीर, मी शेजारीच राहते." परक्या घरात, हाती टिपण नसताना, मी इतकी वाक्ये सलग बोलले होते.

शरयूताई आधी हसल्याच. "लाल! आणि त्या विजूने घरभर लाल करून ठेवलं? मेली पडद्यालासुद्धा तीच नक्षी काढणार होती!" मग त्यांनी चाचपून माझे मनगट धरले. "सुधीर, बघ. हिला दिसतं पण बोलत नाही, मला बोलता येतं पण दिसत नाही. दोघी मिळून एक धड बाई होते आमची."

"चार दिवस बघतो," सुधीर म्हणाला.

त्याने स्वतःच सामान परत टोपल्यांत भरायला घेतले. रिकामी टोपली तो आईच्या हातात देई आणि त्या सांगत, "बोरं, साखर. फासळ्या, मीठ. चटई, सकाळच्या गोळ्या." मग त्याने पुन्हा चहा मागितला. या वेळी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. सुट्टी संपल्यावर तो ठाण्याला एकटाच परतला.

त्यानंतर मी खरोखरच रोज जात असे. पडवीत सगळ्यांना त्यांनी आपण होऊन सांगून टाकले आणि वर बजावले, "लाल ओळी कुणी उसवायच्या नाहीत. गाडी चुकली तरी गाव चांगलं लागलंय." मिरजोळ्याच्या त्या दुकानात आता मला 'दुसरा रंग दाखवा' म्हणावेच लागे, कारण रंग त्यांना हवा असे.

या माघात एका दुपारी मी माझी पहिली संपूर्ण टोपली घेऊन गेले. तळ माझा, भिंत माझी, बोरेही माझी. सकाळीच मी त्यांना गोळ्यांची नावे वाचून दाखवली होती. त्या पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या, मान नेहमीप्रमाणे रस्त्याकडे. मी टोपली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांचा हात तिच्या काठावर.

"ताई, हाताला दाखवते आहे."

अंगठा काठावर थांबलेला होता. तिथे टाका गळला असणार, असे समजून मी वाट पाहत राहिले. रस्त्यावरून मासेवाली आली. "सुरमई आणलीय, ताई!" ती म्हणाली. उत्तर आले नाही. तिने पाटी खाली ठेवली, पायरी चढून वर आली, शरयूताईंच्या तोंडाकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे.

"बाय गो," ती हळूच म्हणाली, "तुम्हांला कळला नाय काय?"

त्या रात्री ती टोपली मी घरी आणली. दिवा न लावता काठापासून तळापर्यंत तिच्यावरून अंगठा फिरवला, सावकाश, एकेका खांबावरून. एकही टाका गळलेला नव्हता. ताई उरल्या नव्हत्या, तरी मी तसे त्यांना मोठ्याने सांगितले.