खळ्यावरची सभा

लग्न झालं तेव्हा माझं एम.ए.चं एक वर्ष उरलं होतं. विषय होता ग्रामविकास आणि सामुदायिक नियोजन. साठच्या दशकात बालाघाटात हा विषय लोकांना समजावून सांगणंही कठीण होतं. शेजारच्या वकिलीणबाईंनी विचारलं, तेव्हा सासूबाईंनी सरळ सांगून टाकलं, "गाव कसं सुधरवाचं, ते शिकून राह्यली."

नागपूरला वसतिगृहात राहून वर्ग करायला घरात कुणाची हरकत नव्हती. अडचण शेवटच्या सत्रात आली. प्रत्येकानं एका खेड्यात जाऊन राहायचं, गावकऱ्यांकडूनच त्यांच्या गावाचा आराखडा करून घ्यायचा, आणि अखेरीस बाहेरचे परीक्षक येऊन गावाची सभा पाहणार. सभा जमली नाही तर वर्ष फुकट. मला आमच्याच बालाघाट जिल्ह्यातलं, खैरलांजीकडचं एक धानाचं गाव मिळालं. नवरा रेल्वेत, गोंदियाला होता. "बाबांशी तूच बोल," म्हणून तो मोकळा झाला.

सासरे कोर्टातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. बोलायचं ठरवून मी कितीदा तरी त्यांच्यासमोर जाऊन चहाचा कप ठेवून परत आले. शेवटी एकदा जेवताना सांगितलंच. त्यांचा घास थांबला.

"सून एकटी खेड्यात राहणार?"

सासूबाई भात वाढत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "एकटी काहून? मी जातो तिच्यासंग."

"अन् मी?"

"तुमाले खिचडी येते ना."

मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, थांबलेला घास तोंडात घातला. मी त्या दिवशी दोनदा भात घेतला.

गावात ग्रामसेवकाची रिकामी खोली आम्हाला राहायला मिळाली. मी घरोघर जायची, तेव्हा बायका दाराआडून उत्तरं द्यायच्या. सासूबाई मात्र अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत बसायच्या, आणि त्याच बायका त्यांच्याजवळ येऊन टेकायच्या. मग मीही तिथेच बसू लागले.

गावात दोन टोल्या, म्हणजे वस्त्या होत्या, वरची आणि खालची, मधे नाला. सरकारकडून एक विहीर मंजूर होती. ती आपल्याकडे व्हावी असं दोन्हीकडचे लोक मला घरात हळूच सांगायचे. पण शाळेत सभा बोलावली की चारदोन म्हातारे येऊन बसायचे आणि म्हणायचे, "तुमी म्हणान तसं, बाई." एवढ्यावर सभा संपायची.

परीक्षक यायचा दिवस नेमका मळणीच्या हंगामात आला. आदल्या दिवशी पाटलांनी सांगितलं, "उद्या कोनी येत नाही, बाई. सारे खळ्यावर हायेत." संध्याकाळी मी जेवायला बसेना, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "लोक खळ्यावर हायेत तं सभा तिथंच घे. साहेबाले बसाले तनीस टाकू."

परीक्षक जीपनं आले. कडक इस्त्रीची पँट सावरत ते धानाच्या पेंढ्यावर बसले. बैल सोडले गेले, माणसं घाम पुसत जमली. बायका एका बाजूला सासूबाईंभोवती बसल्या. मी विहिरीचा विषय काढला.

"तुमी म्हणान तसं, बाई."

मी म्हणाले, "मी तर चालली जाईन. पाणी तुम्हाला भरायचं आहे."

मग बायकांतून एक म्हातारी बोलली, "वरच्या टोलीत खोदा. नाल्यातून पानी आनून आनून मान गेली आमची."

"अन् आमी का करावं?" खालच्या टोलीतला एक जण उठला. "पावसाळ्यात नाला वलांडून येवाव का पान्याले?"

मग जो गोंधळ सुरू झाला तो आवरेना. वर्षानुवर्षांची उणीदुणी निघाली. दोघं तर अंगावर धावून जायच्या बेतात होते. परीक्षक शांतपणे बघत होते आणि मला वाटलं, संपलं सगळं.

बऱ्याच वेळानं आवाज खाली आले. विहीर वरच्या टोलीच्या काठाला, नाल्याजवळ खोदायची. पण त्याआधी दोन्ही टोल्यांनी मिळून नाल्यावर पलीकडे जायला दगडांचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल बांधायचा, असं ठरलं. ठरवलं त्यांनीच. मी मधे एक शब्दही बोलले नव्हते.

जीपजवळ परीक्षक म्हणाले, "बहुतेक गावांत विद्यार्थी जे म्हणेल त्याला सगळे मान डोलावतात आणि तो गेला की विसरतात. इथं लोक भांडले. म्हणजे हा आराखडा त्यांना आपला वाटतोय. तुम्ही पास आहात. निकाल रीतसर कळेलच."

जीप गेली आणि मी तिथेच पेंढ्यावर बसकण मारली. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. सासूबाई धावत आल्या.

"का म्हणे साहेब?"

"पास झाले, आई."

"मंग रडून काहून राह्यली?" असं म्हणत त्या माझ्या केसांतलं कुसळ काढत बसल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही बालाघाटची बस धरली. खिडकीतून कापणी झालेली धानाची शेतं मागं पडत होती. सासूबाईंनी विचारलं, "आता नोकरी करशीन?"

"करायची तर आहे. पण मामाजी..."

"त्याईचं मी पाह्यतो."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. कितीतरी दिवसांनी मला अशी गाढ झोप लागली, की बस बालाघाटच्या स्टँडात शिरलेलीही कळली नाही.