रिजेक्ट मालाचं गाठोडं

माझी आत्या शर्टांना काजं पाडायची. हात इतका बसलेला, की गप्पा मारता मारता एका शर्टाची सगळी काजं उरकायची. पण तिने काम धरलेला पहिला कारखाना आगीत गेला, दुसऱ्याचा मालक जिन्यावरून पडून दगावला, आणि तिसरा ती लागल्यावर चार महिन्यांत बंद पडला. तिथेच कुणीतरी तिला 'पनवती' म्हटलं. आधी थट्टाच होती. मग ती थट्टा आत्याच्या आधी दारोदार पोचायला लागली. चौथ्या ठिकाणी सुपरवायझरने तिचं काम पाहून मान डोलावली, आधी कुठे होतात म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकून म्हणाला, "जागा भरली हो." बाहेर 'कामगार पाहिजेत'चा फलक तसाच लटकत होता.

असं वर्षभर चाललं. आत्या आमच्याकडे राहायची. बाबा तिचे धाकटे भाऊ. हळूहळू तिलाच ते खरं वाटायला लागलं. मी परीक्षेला निघाले की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. जेवता जेवता अर्ध्यातून उठायची. एकदा माझी वेणी घालताना तिने विचारलं, "मी नसले तर तुमचं बरं होईल का गं?" मी नववीत होते. "वेणी घट्ट नको घालूस," एवढंच म्हणाले. ते अजून मनाला खातं.

त्यातच बाबांची नोकरी गेली. कुणी तिला बोल लावला नाही, पण आत्याने त्या दिवसापासून मान वर केली नाही. पुढे बाबांना एका ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं. त्या सकाळी आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "वन्सं, आज जरा आतच थांबाल का? मला नाही हो तसं वाटत. पण ह्यांच्या मनात काही यायला नको."

आत्या आतल्या खोलीत गेली आणि तिने कडी लावली. बाबा गेले. संध्याकाळी परतले, बूट काढत म्हणाले, "नाही झालं."

आत्या दारात येऊन उभी राहिली. "मी आत होते. कडी लावून. तू माझं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतंस."

बाबा वैतागले. "तुझा काय संबंध त्यात? त्यांना तरणा माणूस हवा होता."

"माझा काय संबंध," आत्या पुटपुटली. मग पुन्हा एकदा तेच म्हणाली. आई मात्र खाली बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी आत्या बसडेपोमागच्या कारखान्यात गेली. सुपरवायझर तिला ओळखून होता. "बाई, जागा नाही."

"जागा नकोच. रिजेक्ट झालेला माल कुठे टाकता?"

त्याने कोपऱ्यातला ढीग दाखवला.

"त्यातलाच द्या. तो आधीच वाया गेलाय. मी त्याचं आणखी काय वाटोळं करणार?"

त्याला हसू आवरलं नाही. वीस शर्टांचं गाठोडं बांधून दिलं, भोकं रफू करून आणायला.

आत्याला रफू करता येत नव्हतं. विसातले अठरा शर्ट परत आले; टाके लांबूनही दिसत होते. तिने ते उसवले, पुन्हा केले, पुन्हा परत आले. डोळ्यांतून पाणी गळायचं, ते रडणं होतं की ताण, कळायचं नाही. बाजारातला रफूवाला शिकवायला तयार नव्हता. मग तिने आपली चांगली धड चादर कात्रीने फाडली, त्याच्याकडे दुरुस्तीला नेली आणि तो काम करत असताना समोर स्टुलावर बसून राहिली. असं तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी रफूवाला म्हणाला, "बाई, तुमच्या घरात उंदीर फार झालेत," आणि दोरा त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून कसा काढायचा ते दाखवलं.

पाच महिन्यांनी गाठोड्यातला एकही शर्ट परत आला नाही. मग कारखान्याच्या मालकीणबाईंनी तिला तिथेच टेबल दिलं. बाबा तेव्हाही घरीच होते.

तिसऱ्या दिवशी मोठ्या मशीनचा पट्टा तुटला. सगळं काम थांबलं आणि एकेक मान आत्याकडे वळली. कुणी काही म्हणायच्या आत तिने कात्री पिशवीत टाकली.

"कुठे निघालात?" मालकीणबाईंनी विचारलं.

"जाते मी. उगाच तुमचं..."

"पट्टा झिजलेला होता. गेल्या महिन्यात बदलायचा, तो मीच राहू दिला. बसा."

आत्या बसली. दुपारपर्यंत तिला सुईत दोरा धड ओवता येईना. त्या दिवशी तिचे जेमतेम चार शर्ट झाले. ते तिने इस्त्री करून मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवले, आणि उद्या किती वाजता येऊ म्हणून विचारलं.