सर तीनदा आले होते

मागच्या थंडीत न्हाणीत घसरून मी खुबा मोडून घेतला, तेव्हा मंचरहून लेक आली आणि दोन महिने निरगुडसरला माझ्यापाशी राहिली. सकाळी मला चहा पाजला की ती मोबाईल लावायची. त्यात कॅनडातल्या बायकांचा खेळ. बर्फावर जात्याच्या तळीएवढा दगड, वर धरायला मूठ. एक बाई तो सोडते आणि दोघी त्याच्या पुढं पळत पळत बर्फ झाडत सुटतात. मी म्हटलं, झाडण्याला बक्षीस असतं तर माझ्या घरात कप ठेवायला जागा उरली नसती.

लेक हसली, पण नजर काढली नाही. तिचा जीव त्यातल्या एकाच बाईवर. दगड कुठं थांबवायचा ते लांबून ओरडून सांगणारी, चाळिशी ओलांडलेली. तिची सगळी कुंडली लेकीला पाठ. बापाकडं शिकली, पोरवयात जिंकली, मग संघानं काढून टाकलं. तिनं स्वतःचा संघ उभा केला, फायनलला हरत राहिली, दोन बाळंतपणं उरकली आणि मग देशात पहिली आली. आता हे तिचं शेवटचं वर्ष होतं.

ती शेवटची मॅच आम्ही दोघींनी पाहिली. बाई हरली. रडत रडत सगळ्यांशी हात मिळवत होती आणि लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. लेक म्हणाली, "हिलाबी काढलं व्हतं आई. पण ही परत आली. मला सरांनी काढलं आन् मी गपगार घरात बसले. माझ्यातच दम नव्हता."

इतकी वर्षं ती हेच धरून बसली होती, आणि मी धरू दिलं होतं.

लेक खो-खो लई छान खेळायची. बारावीला जिल्ह्याच्या संघात शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिचं नाव घातलं, आणि त्याच दिवाळीच्या सुट्टीत मंचरचं बागायती स्थळ आलं. तेव्हाची मी म्हणजे काय सांगावं! पंचक्रोशीत माझ्यासारखी शहाणी मीच. पोरगी उन्हात रापली तर पावणं नाक मुरडतील, म्हणून तिच्या तोंडाला साय चोळत बसलेली. सर सायकलवरून आले, तेव्हा लेक मळ्यात गेली होती. मी त्यांना आल्याचा चहा दिला आणि सांगितलं, तिला आता खेळायचं नाही, तुम्हाला सांगायला लाजते. लेकीला सांगितलं, सरांनी दुसरीचं नाव घातलं. वर डोळ्यांत पाणीही आणलं. एखाद्या तमाशाच्या फडानं उचललीच असती मला. सर परत आले, तिसऱ्यांदाही आले. दोन्ही वेळा मी तिला कुठंतरी पिटाळली होती. शाळा उघडल्यावर ती सरांकडं बघेना आणि सर तिच्याकडं. स्थळ जमलं, आणि मी जावेपुढं आठवडाभर मिरवले.

त्या दिवशी मॅच संपली, मोबाईल बंद करून ती उठत होती, तर मी तिचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. शेवटी तिनं विचारलं,

"किती येळा आले व्हते सर?"

"तीनदा."

"आन् तू च्या दिलास त्यांना?"

"दिला."

तिनं मान हलवली. माझ्या सकाळच्या गोळ्या एका वाटीत काढल्या, संध्याकाळच्या दुसऱ्या, आणि अंगणात जाऊन उभी राहिली.

सरांना जाऊन बरीच वर्षं झाली. तिला आता कुणाला विचारायचीही सोय नाही. मला वाटलं होतं, बोलले की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं, आणि नेमकं तिच्या छातीवर जाऊन बसलं. आपण तेवढ्या लायकीचे नव्हतो असं म्हणत तिनं संसार रेटला होता. तेवढाच एक टेका होता, तोही मी काढून घेतला. म्हातारपणी अक्कल येते म्हणतात. माझी तीच जुनी आहे, नुसते दात पडलेत.

खुबा सांधला तशी ती मंचरला गेली. रोज फोन करते, औषध घेतलं का विचारते. मी हो म्हणते. मग ती म्हणते, ठेवते.