आमची 'आळशी' वहिनी

आत्ताच वहिनीला घेऊन नागपूरच्या दवाखान्यातून गावी, कोंढ्याला परतलो, मंडळी.

तिची प्रतिकारशक्ती तिच्याच थायरॉइडवर हल्ला करते, हे माहीत होतं. आज कळलं, पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचाही आजार आहे.

"दोन्हींचा संबंध असंल का?" मी विचारलं.

"असू शकतो. पक्कं अजून सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

वहिनीचा चेहरा मात्र उजळला. "म्हंजे मी आळशी नोती ना, डॉक्टरसाहेब?"

धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी करताना बाया मागे सरकत जातात. वहिनी दमून तिथेच राहायची. बाया कामचोर म्हणायच्या. तरी आपली ओळ पुरी केल्याशिवाय ती कधी बांधीबाहेर, त्या चिखलाच्या वाफ्याबाहेर आली नाही. कुठून आणलं असंल एवढं बळ?

तुमच्या घरी आळशी कोणाला म्हणतात? तिला एकदा विचारा ना, "बाई, तुले काय होते?"