खाडा कावून?

घाटनांदूरच्या अलीकडं आमचं गाव. गावात दूध संस्थेची डेअरी आणि तिच्या ओट्यावर सकाळची रांग. माझं लिहिणं त्या रांगेत टिकलं, हे सांगितलं की शहरातले लोक हसतात. हसू देत.

अंबाजोगाईला कॉलेजात असताना मी लिहायचे. सासरी आल्यावर ते बंद पडत चाललं होतं. रांगेत माझ्यापुढं एक बाई उभी राहायची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, दहावीनंतर शाळा सुटलेली. तिलाही लिहायचा नाद. एका सकाळी आम्ही ठरवून टाकलं: रोज एकेक पान लिहायचं, कमरेला खोचून आणायचं आणि दूध मोजून होईस्तोवर एकमेकींचं वाचायचं. जिनं पान आणलं नाही, तिचा खाडा. ज्याचं दूध आलं नाही त्याला डेअरीचे सेक्रेटरी "खाडा कावून?" म्हणजे "खाडा का?" असं विचारायचे, तोच शब्द आम्ही उचलला.

अभिप्रायही डेअरीचाच. आवडलं तर "फॅट लागली", उगीच फुगवलेलं असलं तर "पाणी हाय". ती भारी कडक. मी चंद्रावर लिहिलेलं एक पान तिनं दोन ओळी वाचून परत केलं, "नुसतं पाणी." मी कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलले नाही. पान मात्र रोज दिलं.

मग दुष्काळ पडला. जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं, डेअरीला कुलूप लागलं. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "बरं झालं, सकाळचं हिंडणं सुटलं." मला घराबाहेर पडायला दूध हे एकच कारण होतं. ते गेलं की लिहिणंही जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं, तरी मी चुलीपुढं बसून राहिले. तेवढ्यात बाहेरून हाक आली, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"खाडा कावून गं?"

दारात ती. हातात रिकामी किटली, किटलीत घडी घातलेलं पान. मला असा राग आला, तिचा नाही, माझाच. मी खुंटीवरची किटली काढली.

"दूध कुठंय?" मामींनी विचारलं.

"किटली न्यायला दूध लागत न्हाई, मामी."

बंद डेअरीच्या ओट्यावर आम्ही रोज बसू लागलो. समोरच्या पारावरच्या माणसांना आयती करमणूक झाली. "प्यायला पाणी न्हाई अन् ह्या कागद काळे करायल्यात!" अरे, पाणी नाही म्हणून गप्प बसायचं, पाणी आलं की पेरणी आहे म्हणून गप्प बसायचं. मग आम्ही लिहायचं कधी?

एक दिवस संस्थेचे एक संचालक आले. गोड बोलले. "वहिनी, लिवताच हाय तर ज्यांनी छावणी काढली त्या आमच्या सायबांच्या सत्काराचं भाषण लिवा. छावणीत जनावरं लई मजेत हायती, असं जरा खुलवून. मग डेअरीचा ह्यो वटा तुमचाच." आमची म्हैस त्याच छावणीत उसाचं वाळकं वाढं चघळत होती, बरगड्या वर आलेल्या. माझं तोंड उघडायच्या आत मैत्रिणीनं वर बोट केलं. संचालकांच्या डोक्यावर संस्थेनंच भिंतीवर रंगवलेलं होतं: पाणी मिसळलेले दूध स्वीकारले जाणार नाही.

"आमचाबी त्योच नियम हाय, भाऊ," ती म्हणाली.

ते गाडीला किक मारून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बाभळीचे काटे पसरलेले होते आणि ती आलीच नव्हती. संचालक संध्याकाळीच तिच्या नवऱ्याला भेटून गेले, हे पारावरच्यांनी मला मिटक्या मारत सांगितलं. मी आता मुकाट्यानं घरी जाईन असं त्यांना वाटलं असावं. मी किटली हलवत गावाच्या टोकाला गेले, तिच्या दारापुढं उभी राहिले आणि जीव खाऊन ओरडले,

"खाडा कावून गं?"

नवरा बाहेर आला. "ती येनार न्हाई, वहिनी."

"ते तिला सांगू द्या."

आतून किटलीची कडी वाजली. त्याला जरा बाजूला सारून ती दारात आली. "वरडू नगंस," म्हणाली, "खाडा न्हाई." झाकण काढून तिनं पान माझ्या हातात दिलं आणि माझं मागायला हात पुढं केला.

आम्ही तिथंच, त्याच्या उंबऱ्यावर बसून वाचलं.