रुवीतली अंबाडी

आमच्या घरात एक नियम होता: अण्णाकाकांकडून आलेल्या गोष्टीला 'कशाला' म्हणून विचारायचं नाही. मग ती गोष्ट जुना सोफा असो, सल्ला असो किंवा त्यांचा मुलगा असो. अण्णाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. बाबांना उदगीरहून मस्कतला त्यांनी आणलं, व्हिसा त्यांनी काढून दिला, पहिली नोकरीही त्यांनीच लावली. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण नियम मलाही लागू.

असे नियम पाळणाऱ्या घरात किस्से फार साठतात. वेळेवर कोणी काही विचारत नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नांचे पुढे किस्से होतात. माझ्याकडे एकट्या संकेतचे इतके आहेत की मैत्रिणी डबा उघडायच्या आधीच म्हणतात, "गौरी, कर सुरू." पूर्वी मी अर्धेच सांगायचे. आता सगळे सांगते. सांगून कोणाचं आणखी काही बिघडेल, असं राहिलेलं नाही.

*

संकेत हा अण्णाकाकांचा एकुलता एक. पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि चार वर्षांत दीड वर्षाचं शिकून परत आला. अण्णाकाकांनी त्याला ओळखीच्या कंपनीत चिकटवला. मस्कतच्याच बौशर भागात त्यांचा चांगला मोठा व्हिला आहे, पण तिथे बापलेकाचं पटेना. म्हणून संकेत आमच्याकडे, रुवीच्या फ्लॅटमध्ये. आमच्या बेडरूम दोन. एक आईबाबांची. दुसरी माझी होती.

"तू हॉलमध्ये झोप. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे," बाबा म्हणाले.

संकेतनं पहिल्याच दिवशी खोलीची चावी मागितली. मी शाळेत असल्यापासून ती खोली माझी होती, मला कधी चावी मिळाली नव्हती. मी म्हटलं, "चावी कशाला?"

आईनं टेबलाखालून माझ्या मांडीला चिमटा काढला. बाबांनी चावी दिली. वर कुलूप जरा अडकत होतं म्हणून त्यात तेलही घालून दिलं.

*

महिनाभरात स्वयंपाकघरातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. आधी पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचे रोल, मग रंगाच्या रिकाम्या बादल्या, मग आईचा छोटा टेबलफॅन. खोलीतली माझी कपड्यांची अलमारी त्यानं आतून मोकळी केली आणि माझे कपडे बॅगेत भरून हॉलमध्ये आणून ठेवले.

"काकू, खिडकीतून ऊन फार येतं, म्हणून फॉइल लावलंय," संकेत म्हणाला.

ती खिडकी बिल्डिंगच्या डक्टमध्ये उघडते. तिथे समोर भिंत आणि पाइप आहेत. दुपारी बारा वाजतासुद्धा लाइट लावल्याशिवाय मला केस विंचरता येत नसत. मी हे मोठ्यानं बोलून दाखवलं.

बाबांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही. "ओमान आहे. ऊन कुठूनही येतं."

*

मी गाल्यात, मस्कतच्या कारखान्या-गोदामांच्या भागात, एका इलेक्ट्रिकल सामानाच्या कंपनीत काम करते. आमचे स्टोअरकीपर सलीमभाई रत्नागिरीकडचे. फार बोलत नाहीत, पण बोलले की कामाचं बोलतात. एकदा ते चहा घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"बाय, तुझा भाव आला होता काल."

"कोण, संकेत? कशाला?"

"झाडांवर लावायचा लाइट मागत होता. सगळ्यात स्वस्त असेल तो. मी विचारलं, कसली झाडं रे बाबा? तर म्हणाला, टोमॅटो. तुझं नाव सांगितलं, म्हणून दिला."

मी हसले. म्हटलं, "लावू दे. कशात तरी मन लागतंय."

सलीमभाई हसले नाहीत. त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "तूच सांगत होतीस, त्याच्या खोलीला कुलूप असतं. बाय, टोमॅटो कुलपात कोण पिकवतं?"

त्या दिवशी मी तीन बिलं चुकीची काढली.

*

मग उदबत्त्या आल्या. संकेतच्या दाराखालून सकाळ-संध्याकाळ धूर यायचा. चंदन, मोगरा, मिळेल ती. दिवसाला एक पुडा. मला शिंका यायच्या. उदबत्तीच्या मागे आणखी एक वास होता, ओल्या गोणपाटासारखा, पण आई म्हणाली, एसीचा असेल.

एका शुक्रवारी अण्णाकाका आणि काकू जेवायला आले. दारातच अण्णाकाका थांबले, त्यांनी दीर्घ श्वास घेतला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बघ गं," ते काकूंना म्हणाले, "पोरगं देवाला लागलं."

आणि त्यांनी पायातल्या चपला काढून त्या बंद दाराला हात जोडले. काकूंनीही जोडले. आतून टेबलफॅनचा आवाज येत होता.

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी नजर चुकवली. तेव्हा मला कळलं की संशय त्यांनाही आहे, फक्त तो अण्णाकाकांच्या मुलाबद्दलचा असल्यामुळे त्यांनी घडी घालून ठेवून दिलाय.

*

भांडं फुटलं ते एसीमुळे. संकेतच्या खोलीतलं पाणी दाराखालून हॉलमध्ये यायला लागलं. संकेत बाहेर. आईकडे मात्र त्या कुलपाची दुसरी चावी होतीच. आमच्या आईकडे जगातल्या प्रत्येक कुलपाची दुसरी चावी असते.

मी गाल्यात ऑफिसात होते. फोन वाजला. आईच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला होता. आईनं जबरदस्तीनं मलाही त्या ग्रुपमध्ये घातलंय. फोटोत माझी अलमारी, आतून चकचकीत फॉइल, जांभळट उजेड, आणि रंगाच्या बादल्यांमध्ये चार रोपं. खाली आईनं लिहिलं होतं: "आपल्या रुवीत घरच्या घरी अंबाडी!! पुतण्याची कमाल."

अंबाडीचं पान कसं असतं, हे ज्यांनी लातूर-उदगीरकडे भाजी निवडली आहे त्यांना सांगायला नको. हाताच्या बोटांसारखं फाटलेलं, कडेला दाते. दुसऱ्या एका झाडाचं पानही अगदी तसंच असतं. ते मी पुण्यात कॉलेजला होते तेव्हा पोरांच्या टी-शर्टवर पाहिलं होतं. आईनं कुठे पाहिलं असणार?

खाली उत्तरं धडाधड येत होती. "वा, कणी घालून करा." "एक जुडी आमच्यासाठी ठेवा हो." "बी कुठून आणलं?"

मी आईला फोन लावला. "तो फोटो काढून टाक. आत्ताच्या आत्ता."

"का? छान आलाय की."

"आई, डिलीट."

"बरं बाई. झाला डिलीट. गेला."

माझ्या फोनवर तो तसाच होता. आईनं फक्त तिच्या स्वतःच्या फोनमधून काढला होता. ग्रुप चालवणाऱ्या बाईंना फोन करून मी सांगितलं की आईनं चुकून घरातला खासगी फोटो टाकलाय, कृपा करून काढा. त्या म्हणाल्या, "अगं, भाजीचाच तर आहे." काढेपर्यंत वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत तो फोटो कोणी कोणाला पाठवला, हे मला आजही माहीत नाही.

फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "लवकर ये. कुकर लावलाय. वरणातली अंबाडी करतेय."

*

गाल्याहून रुवीला मी त्या दिवशी कशी आले ते आठवत नाही. सिग्नलला शेजारी पोलिसांची गाडी उभी होती आणि मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की नंतर बोटं सरळ होईनात.

घरात शिरले, तर बाबा ओट्यापाशी उभे, हातात चमचा. मी कुकर उचलला आणि सगळं सिंकमध्ये ओतलं.

"अगं अन्न टाकतेस?" आई ओरडली. "डोकं फिरलं का तुझं?"

बाबा चमचा चाटत म्हणाले, "फोडणी चांगली होती. पण अंबाडी आंबट लागते. ही कडू होती."

"इथल्या पाण्याचा दोष," आई म्हणाली.

मी दोघांना खुर्चीवर बसवलं आणि ती अंबाडी नाही, गांजा आहे, हे सांगितलं. या देशात त्याला काय शिक्षा आहे तेही सांगितलं. शिक्षा एकट्या संकेतला होऊन थांबेल याची खात्री नाही, आणि घराचा करार बाबांच्या नावावर आहे, हेही. आई तोंडावर पदर धरून बसली. बाबा उठून बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ चुळा भरत राहिले.

*

संकेत आला तेव्हा मी त्याच्याच खोलीत बसले होते. चारपैकी दोन रोपं मेलेली. उरलेली दोन पिवळी पडलेली, वाकलेली, आणि आता आईनं खुडल्यामुळे अर्धी बोडकी. इतकी भिकार शेती मी आयुष्यात पाहिली नाही.

"ताई, हे औषधी आहे," तो म्हणाला.

"कोणाला?"

"म्हणजे परदेशात लोक..."

"तू कुठे आहेस आत्ता?"

तो पलंगावर बसला. मग त्यानं खरं सांगितलं. विकायचं वगैरे काही डोक्यात नव्हतं. व्हिडिओ बघितले, वाटलं जमेल. एक गोष्ट तरी आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत केली, असं एकदा व्हावं. बोलता बोलता तो रडायला लागला.

"मग पुदिना लावायचास, गाढवा," मी म्हटलं. मलाही रडू येत होतं, म्हणून मी आवाज चढवला. "उपट. माझ्यासमोर उपट."

त्यानं हात पुढे केला. तेवढ्यात बाबा दारात आले. फोन कानाला.

"कोणी कशाला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "अण्णा उद्या येतायत. ते म्हणतील तसं."

*

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपारची जेवणं झाली होती, म्हणजे ताटं वाढून उचलली होती. अण्णाकाका त्यांनीच दिलेल्या सोफ्यावर, शेजारी काकू. बाबा खुर्चीवर. आई स्वयंपाकघराच्या दारात. संकेतला आत बसायला सांगितलं होतं. मला बोलावलं होतं.

आधी काकूंनी सुचवलं, कमोडमध्ये टाकून पाणी सोडू. बाबा म्हणाले, पाइप तुंबला तर प्लंबर येईल. खाली कचऱ्यात टाकायचं, तर कचऱ्यापाशी कॅमेरा. अण्णाकाकांनी हात वर केला.

"मी ठरवलंय," ते म्हणाले. "झाडं, बादल्या, लाइट, सगळं एका सुटकेसमध्ये भरायचं. गौरीनं गाडीतून न्यायचं. शहराबाहेर लांब कुठेतरी टाकायचं. एकट्या मुलीची गाडी कोणी उघडून बघत नाही."

मी बाबांकडे पाहिलं. ते स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

"आणि थांबवलंच तर?" मी विचारलं.

"थांबवणार नाहीत."

"थांबवलं तर, काका?"

अण्णाकाकांनी घसा खाकरला. "लाइट तुझ्याच कंपनीतला आहे ना. म्हणायचं, खोली माझी, सामान माझं, मला यातलं काही कळत नव्हतं. मुलगी म्हटल्यावर समज देऊन सोडतील. मुलाचं तसं नसतं, बेटा. त्याचं आयुष्य जातं. त्याच्या लग्नाचं बोलणं चाललंय." मग जरा मऊ आवाजात, "तुझ्या बापासाठी मी काय केलं, ते मी कधी बोलून दाखवलं का?"

"नाही, अण्णा," बाबा म्हणाले.

आई म्हणाली, "गौरी, तासाभराचं तर काम आहे. जाऊन ये."

माझ्या आईनं ते म्हटलं. जणू कोपऱ्यावरच्या दुकानातून दही आणायचं होतं. मला वाटलं होतं, मी ओरडेन. आवाज आला तो मलाच अनोळखी वाटला, इतका साधा.

"मी नेणार नाही," मी म्हटलं. "गाडी देणार नाही. खोली माझी आहे असं म्हणणार नाही. ती माझी होती तेव्हा तुम्ही ती मला न विचारता देऊन टाकलीत, आणि आज पोलिसांना दाखवायला परत माझी करताय. ज्याची झाडं आहेत तो उपटेल, आणि ज्याचा मुलगा आहे तो ती आपल्या गाडीतून नेईल. आणि उद्या मला कोणी काही विचारलं, तर मी खरं सांगेन. पहिल्या दिवसापासूनचं. कोणाला काय माहीत होतं, तेसुद्धा."

काकूंनी अण्णाकाकांकडे पाहिलं. अण्णाकाकांनी बाबांकडे. आई दाराची चौकट धरून उभी राहिली. मी तिच्यापुढे हात केला आणि माझ्या खोलीची दुसरी चावी मागितली.