बाज तिसऱ्या मजल्यावर

लग्नानंतर तिसगाव सोडलं तेव्हा एसटीच्या खिडकीखाली उभी राहिलेली माझी आई रडली नाही. तिने बजावलं, "पयलं बाळंतपन माझ्या घरी. ध्यानात ठिव." शेजारी बसलेला माझा नवरा, संदीप, कानापर्यंत लाल झाला. आम्ही निघालो होतो नगरला, काही सातासमुद्रापार नव्हे. पण आईच्या लेखी करंजीचा घाट उतरला की परमुलूख सुरू.

संदीप एमआयडीसीत कामाला. तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट, लिफ्ट नाही. गावाकडे एक हाक मारली की चार घरांतून ओ यायची. इथे बेल वाजली तरी आधी दाराच्या भिंगातून बघायचं. मीही शिकले. पार्सल, ओटीपी, सोसायटीचा ग्रुप, सगळं अंगवळणी पडलं. अंगणाची आठवण मात्र गॅलरीत कपडे वाळत घालताना हमखास यायची.

मग दिवस राहिले आणि पहिल्याच रक्ततपासणीत निघालं हिपॅटायटिस बी, काविळीचा विषाणू. मला तर कधी साधी कावीळसुद्धा झाली नव्हती! डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचं लिव्हर चांगलं आहे. जपायचं आहे ते बाळाला. जन्मल्याबरोबर एक लस आणि त्यासोबत आणखी एक इंजेक्शन द्यावं लागेल. ते सगळीकडे तयार नसतं, तेव्हा बाळंतपण इथेच करा. आणि घरच्यांची तपासणी करून घ्या." मला ऐकू आलं ते एवढंच, की माझ्या बाळाला माझ्यापासूनच धोका आहे. घरी येऊन मी पोट धरून रडले.

संदीपचा रिपोर्ट चांगला आला, त्याने लस घेतली. आईला गावाहून बोलावलं. तिचा रिपोर्ट माझ्यासारखाच आला.

"म्हंजी म्याच दिलं व्हय तुला?" आईने डोळ्यांना पदर लावला.

"मावशी, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता माहीत झालं, म्हणून नातवंड वाचवता येईल."

त्या दिवशी जेवायला आईने आपलं ताट आणि पेला वेगळा काढला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. संदीप उठला, तिच्यासमोर मांडी घातली आणि तिच्या ताटातली भाकरी मोडून तोंडात घातली. जावयाने सासूच्या ताटात हात घातलेला आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नसेल.

"अवो जावईबापू, काय करता हे!"

"मामी, एका ताटात जेवून हा आजार होत नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलं ना? ठेचा वाढा."

आई हसली, पण बाळंतपण माहेरी नाही म्हटल्यावर पिशवी भरून गावी निघून गेली. मला वाटलं, रुसली.

नववा महिना लागला आणि एका सकाळी खाली टेम्पो थांबला. पाहते तर टपावर आमची बाज! सुंभाची, बाळंतिणीची, जिच्यावर माझी आई माझ्या वेळी निजली होती तीच. सोबत शेगडी, डिंक, खारीक, बाजरीच्या पिठाचा डबा. जिन्याच्या वळणावर बाज अडकली, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या शेखचाचांनी एक पाय धरला, संदीपने दुसरा. एरवी भिंगातून बघणारी सगळी दारं त्या दिवशी सताड उघडी. आई घामाघूम होऊन वर आली. "तुला माहेरी येता यीना, म्हनलं माहेरच घिऊन जावं."

मुलगी झाली. नर्स बाहेर गेली तर दाराशी उभ्या आईने मुलगा की मुलगी हे विचारलंच नाही. "इंजेक्शन दिलं का?" हा तिचा पहिला प्रश्न. "दोन्ही दिली, आजी." आत पोरगी टाहो फोडत होती आणि बाहेर आई म्हणत होती, "रड, रड, खनखनीत रड!"

पुढच्या लसींपैकी आम्ही एकही चुकवली नाही. पोर वर्षाची झाल्यावर तपासणी केली. तिला लागण नव्हती. इतकंच नाही, लसीने तिला पक्कं संरक्षण मिळालं होतं. मी दवाखान्यातच डॉक्टरबाईंच्या गळ्यात पडले.

रिपोर्ट घेऊन तिसगावला गेलो. आईने गल्लीभर पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं की ती, भिंतीकडे तोंड करून जेवायला बसलेली माझी आई, भर रस्त्यात मोठ्याने सांगायची, "मला काविळीचा आजार हाय, पोरीला हाय, नातीला न्हाई! आमच्या घरात त्यो हितंच थांबला. तुमी बी रगत तपासून घ्या, लाजू नका."

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे बाहेर पडलेल्यांनो, तुमचं घर कोणतं ते तुम्ही ठरवा. माझी आता दोन आहेत. आई आणि मी लिव्हरच्या नेहमीच्या तपासणीला बरोबरच जातो. त्या दिवशी ती नगरला मुक्कामाला असते. बाज तिने परत नेलेली नाही. मागच्या खेपेला मी आठवण करून दिली, तर बाजेवर उड्या मारणाऱ्या नातीकडे बघत म्हणाली, "ऱ्हाऊ दे हितंच. हिच्या बाळंतपनाला लागंल. तवा कुनाला घोर नसंल."